मधल्या दोन पट्ट्या

१९ जानेवारी १९८५, शनिवार

गयासोद्दीन सरांनी आज पूर्वपरीक्षेचे पेपर वाटले. बीजगणितात मी नापास. आणि साधी नापास नाही. सरांनी बाकीच्यांना पेपर हातात दिले, माझा बाकावर ठेवला आणि पुढं गेले. मराठी, इतिहास, शास्त्र, सगळ्यात मी बरी आहे. हा क्षच तेवढा माझ्या मुळावर उठलाय.

सर म्हणाले, नापास झालेल्यांनी आजपासून रोज पानभर लिहायचं, दिवसभरात काय केलं ते. "मी वाचणार नाही. पण वाचणाऱ्याला कळेल असं लिहा. बोर्डाचा तपासणारा तुमचा मामा नसतो, त्याला तुमच्या घरचं काही माहीत नसतं. आणि बिलकुल खरं लिहा." म्हणून ही वही. रोज लिहिणं माझ्याच्यानं होणार नाही, हे खरं आधीच लिहून टाकते.

तर वाचणाऱ्यासाठी. माझं नाव चांगुणा. आजीचं ठेवलंय, माझा दोष नाही. वडील पुंजाराम, त्यांना मी दादा म्हणते. आई झुंबरबाई, ती माय. माझ्या आधीची लेकरं वाचली नाहीत, मी एकटीच राहिले. गाव लहान, शाळा सातवीपर्यंतच, म्हणून मी रोज पायी कुंभार पिंपळगावला जाते.

घरी निकाल सांगितला तेव्हा दादा बैलाला पेंड घालत होते. म्हणाले, "झालं मंग. दहावीपस्तोर आली, लई झालं. आत्यानं आणलेलं स्थळ हाये, उन्हाळ्यात उरकून टाकू."  माय चुलीपुढं बसली होती. तिथूनच म्हणाली, "बोर्डात पास झाली तर पुढं शिकंल. नापास झाली तर तुमी म्हनताल तसं. बोला, कबूल हाये?"

दादा म्हणाले, कबूल. विचारसुद्धा न करता म्हणाले. मी पास होईन असं त्यांना वाटत असतं तर ते इतक्या जल्दी कबूल झाले नसते.

२७ जानेवारी, रविवार

आठवड्यानं वही उघडली. सर वाचत नाहीत ते बरं आहे.

आज दिवसभर शेतात पऱ्हाट्या उपटल्या. कपाशी वेचून झाली की वाळकी झाडं उरतात, ती उपटून सरपणाला आणायची. हाताची सालटं निघाली आहेत, अक्षर वाकडं येतंय.

आमची कपाशी फुलीवर असते. पेरायच्या आधी शेतात उभ्या रेघा मारायच्या, मग आडव्या. रेघेला रेघ कापते तिथं फुली होते आणि प्रत्येक फुलीवर सरकी टोबायची. मग तण काढायचं कोळपं उभंही चालतं आणि आडवंही. आमचं ते शेत आधी बराबर चौकोनी होतं, जितक्या उभ्या ओळी तितक्याच आडव्या. गेल्या साली दादांनी एका अंगाचा बांध फोडून तीन ओळी वाढवल्या आणि विहिरीच्या अंगाला दोन वाढवल्या. त्या दोन्ही पट्ट्या जिथं मिळतात तो कोपरा लिंबाखाली येतो. तिथं सहा झाडं.

मायनं आणि बायांनी मोठा चौकोन धरला. मला म्हणाली, "बाजूच्या पट्ट्या आन् कोपरा तुझा." मी आधी कोपरा घेतला, कारण तिथं सावली. सहा पऱ्हाट्या उपटायला मी किती वेळ लावला ते लिहीत नाही. मोठा चौकोन संपला तेव्हा मी बाटलीतलं पाणी पिऊन, पाय धुऊन घरी जायला तयार.

मायनं कमरेवर हात ठेवून सगळं शेत पाहिलं. "मोठं झालं. लिंबाखालचं झालं. आन् मधल्या ह्या दोन पट्ट्या कुनासाठी ठिवल्या? तुझ्या सासूसाठी?"

मी हसले, आणि हसता हसता माझ्या डोक्यात लख्ख झालं. पूर्वपरीक्षेत (क्ष + ३)(क्ष + २) हा गुणाकार होता. मी लिहिलं होतं क्ष² + ६. क्ष गुणिले क्ष केलं, तीन गुणिले दोन केलं, सुटले. सरांनी त्यावर लाल फुली मारली होती आणि मला कळत नव्हतं काय चुकलं. मोठा चौकोन म्हणजे क्ष². कोपरा म्हणजे सहा. आणि तीन ओळींची एक पट्टी आणि दोन ओळींची एक पट्टी, ती तशीच उभी. तीन क्ष आणि दोन क्ष. एकूण क्ष² + ५क्ष + ६.

मी मातीत काडीनं काढून मायला सगळं सांगितलं. क्ष म्हणजे काय, तर ओळी आपण मोजल्याच नाहीत म्हणून क्ष. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे पेपरातबी तू सावलीतलंच काम करती व्हय."

मग दोन्ही पट्ट्या आम्ही दोघींनी उपटल्या. ती मधे मधे बसत होती. म्हणाली पित्त झालंय.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

सर आता उलटं शिकवून राह्यलेत. म्हणजे एकूण झाडं ते सांगणार आणि ओळी आपण सांगायच्या. यालाच अवयव पाडणं म्हणतात, नाव ऐकूनच मी इतके दिवस घाबरत होते. क्ष² + ७क्ष + १२. दोन आकडे शोधायचे, ज्यांची बेरीज सात आणि गुणाकार बारा. तीन आणि चार. (क्ष + ३)(क्ष + ४). माझ्या बाकावर ताहेरा बसते, सरांची पुतणी, ती माझ्या आधी सांगते, पण आज दोनदा मी तिच्या आधी सांगितलं. तिनं मला चिमटा काढला.

घरी माय रोज विचारते, "मधलं लिहिलं का गं?" तिला वाटतं अभ्यास म्हणजे एवढंच. काल माझा इतिहास चालला होता तरी तेच. मी म्हटलं, माय, इतिहासात मधलं नसतं. म्हणाली, "असंल. तुला दिसत नसंल."

पण तिचं काहीतरी बिनसलंय. जेवायला बसली की भाकरी मोडते आणि तुकडे तसेच ठेवते. लुगड्याचा पदर पोटाला आवळून बांधते. आणि डोकं फिरवते माझं. हळद कुठल्या मडक्यात, बी कुठल्या गाडग्यात, दादांना खोकला झाला की काय द्यायचं, सगळं रोज दाखवते. मी चिडून म्हटलं, मी काय परगावची आहे का? तर म्हणाली, "ध्यानात ठिव, बास." परीक्षा तोंडावर आणि हिला गाडगी सुचतात.

३ मार्च, रविवार

मायला औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात नेलं. जालन्याच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली म्हणे. दादा आणि मावशीचा नवरा, म्हणजे काका, दोघं बरोबर गेले. मी पण येते म्हणून फाट्यापर्यंत मागं मागं गेले. एसटी आली तरी माझं चालूच होतं. मायनं खिडकीतून सांगितलं, "तू चढली तर मी उतरन. पेपर काय तुझा बाप देनार हाये?"

मला राग आला. मी तोंड फिरवून उभी राहिले. गाडी सुटताना ती म्हणाली, "चांगे, मधलं लिही बरं का." मी काय म्हणाले, तर "येताना मला निळ्या शाईची दौत आण."

मी भाकरी केल्या. जळाल्या. आत्या आली होती, तिनं खाऊन पाहिली आणि म्हणाली, सासरी नाव काढशील. तिला काही बोलले नाही, हीच माझी कमाल.

१० मार्च, रविवार

तीर्थपुरीला मावशीकडं आले. आमचं परीक्षेचं केंद्र इथं आहे. द्वारकाबाई मावशी मायची धाकटी बहीण, काकांची पिठाची गिरणी. गिरणीच्या आवाजात अभ्यास होतो, उलट बरं, डोळे मिटत नाहीत.

दादा काल रात्री औरंगाबादहून आले होते. म्हणाले, "बरी हाये. औषध चालू हाये. तू पेपर कर." मी विचारलं, कधी आणणार? म्हणाले, पाहू. त्यांना मूळचंच बोलायचा कंटाळा, त्यातून काही काढणं म्हणजे कोरड्या विहिरीत बादली टाकणं. आज सकाळी ते मला इथं सोडून लगेच गेले, चहासुद्धा घेतला नाही.

१४ मार्च, गुरुवार

मराठीचा पेपर. सोपा. निबंध तीन पानं लिहिला, वहीचा उपयोग झाला, सरांना सांगायला हवं. औरंगाबादचा निरोप नाही.

१६ मार्च, शनिवार

काल पेपर नव्हता. सकाळी गिरणीवर कोणीतरी सायकलवर आलं, काकांशी बोललं, आणि काकांनी गिरणी बंद केली. मावशी आणि ते घाईनं शहागडला गेले. मावशीचे कुणी चुलत सासरे वारले म्हणे. मला शेजारच्या घरी जेवायला सांगून गेली, माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी आले. मावशीनं दारातच डोक्यावरून पाणी घेतलं. डोळे असे सुजलेले की उघडत नव्हते. आज मी हिंदीच्या पेपराहून आले तरी तिचं रडणं चालूच. चुलीवर फोडणी नाही, नुसतं आळणी वरण. सासरच्या माणसासाठी एवढं रडणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. मी तिला म्हटलं, मावशी, एवढे कोण लागून गेले होते ते? ती मला जवळ ओढून इतकी रडली की माझं पोलकं ओलं झालं. माझा हिंदीचा पेपर कसा गेला ते कुणीच विचारलं नाही. माय असती तर विचारलं असतं, मधलं लिहिलं का.

१७ मार्च, रविवार

मी ठरवलंय. उद्या इंग्रजीचा पेपर झाला की औरंगाबादची गाडी धरायची. इतके दिवस झाले, मायकडचं कुणी येत नाही, कुणी धड सांगत नाही. बुधवारचा बीजगणिताचा पेपर मायला पाहिल्याशिवाय मी देणार नाही. मावशीला तोंडावर सांगितलं. ती पांढरी पडली. काकांनी लगेच चप्पल घातली आणि कुठंतरी निघून गेले.

अवयव पाडायला बसले तर एकही बराबर येईना. बेरीज जमते तर गुणाकार जमत नाही. नापास झाले तर आत्या टपूनच आहे. आणि मायला काय तोंड दाखवू? पण तिला पाहिलं तर मला येईल. मला माहीत आहे येईल.

१८ मार्च, सोमवार

इंग्रजी बरा गेला. बाहेर आले तर दादा. मला इतका आनंद झाला की मी पळत गेले, आणि जवळ जाऊन हसू फुटलं. त्यांनी डोक्यावरून गालांवरून उपरणं घट्ट गुंडाळलं होतं, नाकापर्यंत. नवी सून वाटत होते. म्हणाले, "दाढ दुखू राह्यली. वारं लागू द्यायचं न्हाई म्हनला डॉक्टर."

मी विचारलं, माय? म्हणाले, "गावाकडं आणली तिला." मग उपरणं आणखी ओढत, "झोपून हाये. आता दुखत न्हाई तिचं." मी म्हटलं, मग मी आजच येते गावाला, पेपर परवा आहे. तर दादा माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "न्हाई. तिनं सांगितलंय, क्षाचा पेपर झाल्याबिगर येऊ नको. शपथ घातलीय." आता मायची शपथ म्हटल्यावर काय बोलणार. आणि ती घरी आली, दुखणं थांबलं, म्हणजे उतार पडलाच. माझा जीव भांड्यात पडला.

मावशीकडं ते आत आले नाहीत, ओट्यावरच बसले. जेवलेही नाहीत, दाढेमुळं. मी लई चिडवलं. म्हटलं, दादा, तोंड दाखवायला किती घेता? मावशी ताडकन उठून आत गेली. जाताना दादांनी खिशातून निळ्या शाईची दौत काढली. "तुझ्या मायनं घ्यायला लावली." विसरली नाही म्हणजे. मी मात्र एसटीपाशी तोंड फिरवून उभी होते.

२० मार्च, बुधवार

झाला. बीजगणित झाला.

ताहेरा हल्ली रोज केंद्रापर्यंत माझा हात घट्ट धरून चालते. मी म्हटलं, अगं घाबरतेस किती, तुला तर सगळं येतं. तिनं हात आणखीच आवळला. फाटकाशी गयासोद्दीन सर उभे. एवढ्या लांब सायकलवर आले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जा बेटा. बराबर लिही." सरांनी कधी कुणाला बेटा म्हटलेलं मी ऐकलं नाही. मला वाटलं, पेपर भयंकर अवघड असणार, यांना आधीच कळलंय.

तसा अवघड नव्हता. दुसऱ्याच प्रश्नात (क्ष + ५)(क्ष + ४) आला आणि माझ्या हातानं क्ष² + २० लिहिलंसुद्धा. मग थांबले. कमरेवर हात ठेवून उभी असलेली माय दिसली. मधल्या पट्ट्या कुणासाठी ठेवल्या? वीस खोडलं, नऊ क्ष लिहिला, मग वीस लिहिलं. पुढचे अवयव धडाधड पडले. एका ठिकाणी वजा चिन्हाचं चुकलं असेल. बाकी मी पास आहे. मला माहीत आहे मी पास आहे.

बाहेर दादा होते, तसेच तोंड बांधून. मी लांबूनच ओरडले, "दादा, मायला सांगा मधलं लिहिलं. एवढंच सांगा, तिला कळतं." त्यांनी मान हलवली. म्हणाले, "सांगतो बाई. आजच सांगतो." आणि खरंच लगेच गाडी धरून गेले.

मी पण जाणार होते. क्षाचा पेपर झाला, शपथ सुटली. पण मावशी म्हणाली, भूमिती आहे, शास्त्र आहे, सगळं संपवूनच जा, झुंबरअक्कालाही तेच आवडंल. आता दुखत नाही तर चार दिवस कळ काढते.

२२ मार्च, शुक्रवार

पाडवा. काकांनी गुढी उभारली, पण मावशीनं पुरण घातलं नाही, नवं लुगडं नेसली नाही. शहागडच्या सासऱ्यांचं दुःख अजून चालूच आहे. शेजारणीनं मला साखरेची गाठी दिली. ती मी पिशवीत ठेवली, मायसाठी. पित्तावर साखर चांगली.

२७ मार्च, बुधवार

शेवटचा पेपर. उद्या घरी. गाठी, शाईची दौत आणि बीजगणिताची प्रश्नपत्रिका पिशवीत भरली. प्रश्नपत्रिका मायला दाखवायची आहे. वाचता येत नाही तर काय झालं, कुठला प्रश्न ते बोट ठेवून दाखवीन.

४ एप्रिल, गुरुवार

सर म्हणाले होते बिलकुल खरं लिहा. लिहिते.

दादा फाट्यावर घ्यायला आले होते. मी उतरले तेव्हा त्यांनी उपरणं सोडलं. डोकं भादरलेलं, वर बोटभरही केस नाहीत. मिशा नाहीत. दाढ दुखत नव्हती.

मराठीच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी माय गेली. शहागडला कुणीच वारलं नव्हतं. आणि औरंगाबादच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की पोटातलं वाढलंय, घरी न्या. मी तीर्थपुरीला गेले त्याच दिवशी तिला गावी आणलं. सकाळी मला सोडलं आणि रात्री तिला उतरवलं. इतके दिवस ती इथं होती, मी गिरणीच्या आवाजात अवयव पाडत बसले होते. पायी चालत आले असते मी.

सगळ्यांना ठाऊक होतं. काकांना, सरांना, ताहेराला, आख्ख्या वर्गाला, गाडीच्या कंडक्टरलासुद्धा. ताहेरा घाबरून माझा हात धरत नव्हती. दहावा झाला, तेरावा झाला, गाव जेवून गेलं, आणि मी तिकडं भूमितीत वर्तुळं काढत होते.

मावशी म्हणते, "तिनंच शपथ घातल्ती. म्हनली, पोरीला क्षाचा पेपर झाल्याबिगर सांगायचं न्हाई. नापास झाली तर हे तिला उजवून टाकतील. मी न्हाई राह्यले तर तिच्यासाठी बोलंल कोन? आमी कसं मोडावं गं?"

मला मायचा राग येतो. हे लिहू नये, पण येतो. पेपर गेला असता तर ऑक्टोबरला पुन्हा दिला असता. ती ऑक्टोबरला पुन्हा येणार होती का? मी दादांना चिडवत होते, तोंड दाखवायला किती घेता म्हणून. ते खाली बघत होते आणि मी हसत होते. दादांशी मी बोलत नाही. भाकरी वाढते, पाणी देते, बोलत नाही.

पिशवीतल्या गाठीला मुंग्या लागल्या. फेकवली नाही, तशीच मायच्या हळदीच्या मडक्याशेजारी ठेवली.

२३ जून, रविवार

निकाल लागला. पास. बीजगणितात वर्गात तिसरी. गयासोद्दीन सर पेढे घेऊन घरी आले आणि ओट्यावर बसून बराच वेळ रुमालानं चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "मला माफ कर बेटा, मीही त्यात होतो."  माफ केलं की नाही, अजून माझं मलाच कळत नाही.

आत्या म्हणाली, पोरगी शिकायला जालन्याला गेली तर पुंजारामाला भाकरी कोण घालील? स्थळ अजून थांबलंय. दादा म्हणाले, "मी थापतो की." आणि खरंच दोन महिने ते माझ्या मागून चुलीपुढं बसून शिकून राह्यलेत. त्यांच्या माझ्यापेक्षा जास्त जळतात. वसतिगृहाचं ठरलंय, पुढच्या महिन्यात जायचं.

आज कपाशी लावली. दादांनी बैलामागं उभ्या आडव्या रेघा मारल्या, मी मागून फुलीफुलीवर सरकी टोबत गेले. आधी मोठा चौकोन, मग तीन ओळींची पट्टी, मग दोन ओळींची. कोपरा मी शेवटी ठेवला. मायला तिथंच लिंबाखाली अग्नी दिलाय. राख सावडली आणि जागेवर एक दगड ठेवला. मी तिकडं एप्रिलपासून गेले नव्हते.

दादा दगडाजवळ बसले होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, "बीजगणिताच्या दिवशी मी निरोप दिला होता. तुम्ही म्हणाले, आजच सांगतो. तवा ती होती का? कशाला खोटं बोलले?" एवढं सलग मी त्यांच्याशी तीन महिन्यांत बोलले नव्हते.

दादा म्हणाले, "खोटं न्हाई बोललो. गाडीतून उतरलो तर घरी गेलोच न्हाई. सीधा हितं आलो. ह्या दगडापाशी बसलो आन् सांगितलं. म्हनलं, झुंबर, पोरगी म्हनती मधलं लिहिलं." मग मातीत बोट फिरवत म्हणाले, "दोनदा सांगितलं. ती एकदा सांगून ऐकत नव्हती, तुला तर माहीतच हाये."

मी खाली बसले आणि रडले. गावभर बाया गळ्यात पडून रडल्या तेव्हा मला रडू आलं नव्हतं. दादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, त्याला सरकीचा आणि शेणाचा वास होता, आणि तेही रडले.

मग कोपरा लावला. तिथं सहा फुल्या. त्यातली एक दगडाखाली येते. दादा म्हणाले, ती मोकळी सोड. पाचवर सरकी टोबली.

घरी आल्यावर सवयीनं वहीत मांडून पाहिलं. मोठा चौकोन क्ष², दोन पट्ट्या मिळून ५क्ष, आणि कोपऱ्यात पाच. क्ष² + ५क्ष + ५. असे दोन आकडे हवेत की बेरीज पाच आणि गुणाकारही पाच. एक आणि पाच घेतले तर बेरीज सहा होते. दुसरी जोडीच नाही. उलटसुलट करून पाहिलं, सरांनी शिकवलेलं सगळं करून पाहिलं. एका झाडाचा फरक, आणि त्या शेताचे अवयव पडत नाहीत.

दादा चुलीपुढं भाकरी थापत होते. त्यांना सांगितलं, दादा, आता आपल्या शेताचा हिशोब जमत नाही. सहाव्या फुलीवर झाड असतं तर जमला असता.

त्यांनी भाकरी उलटली, ती जळाली होती. म्हणाले, "मंग ऱ्हाऊ दे तसंच."